संध्याकाळचा ताबा

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लिहायला बसण्याचं कारण सरळ सांगते. गेले काही आठवडे माझे यजमान संध्याकाळी तळमजल्यावरच्या बाईंकडून कादंबरी वाचून घेत आहेत, आणि मला हे आज कळलं. तेही लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिककडून. "साहेब आज खाली वाचनाला दिसले नाहीत. बरे आहेत ना?" त्याने पाना फिरवता फिरवता विचारलं. मी "बरे आहेत" म्हणाले आणि त्याच्या कागदावर सही केली. सही वाकडी आली.

हे नोकरीत ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर इमारतींचे आराखडे काढले. दोन वर्षांपूर्वी नजरेचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. चष्म्याने भागणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याप्रमाणे मी घर लावून घेतलं. औषधाच्या बाटल्यांना रबरबँड, पायरीच्या कडेला पांढरी पट्टी, सकाळी फिरणं, दुपारी रेडिओ. काही राहून गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

जेवताना विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू कामात होतीस."

"विचारायचं तरी, वाचून दाखवतेस का म्हणून."

"विचारलं होतं. 'आत्ता नाही' म्हणालीस."

"मग नंतर विचारायचं."

"नंतरही तेच म्हणालीस." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

तळमजल्यावरच्या बाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. गेल्या वर्षी इथे राहायला आल्या. एकट्या असतात. बोलतात सावकाश, चालतात सावकाश, कुलूपसुद्धा असं उघडतात की कुलपाला लागेल. या वहीत मी त्यांना सावकाशबाई म्हणणार आहे. आवाज गोड आहे हे मान्य. आवाज गोड असायला काय कष्ट पडतात?

मला वेळ काढायला हवा. एवढंच आहे ते. तीस वर्षं परीक्षा विभागात हजारो पोरांचे पेपर वेळेवर गोळा केले. स्वतःच्या घरातली एक संध्याकाळ गोळा करता येणार नाही असं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दिवस कुठे जातो ते दोन दिवस नीट पाहिलं. दिवस दारात जातो.

या इमारतीची मी अकरा वर्षं सचिव आहे. प्रत्येक घराची एक जादा किल्ली आमच्या दारामागच्या फळ्यावर टांगलेली असते. ही पद्धत मीच सुरू केली आणि ती चांगली आहे. पण त्यामुळे कोणी किल्ली विसरलं की आमची बेल. पाणी आलं नाही, आमची बेल. पार्सल आलं, आमची बेल. गच्चीवरच्या टाकीचा कुठला व्हॉल्व्ह कुणाकडे जातो हे फक्त मला माहीत आहे, म्हणून तिथेही मीच.

आज दारावर पाटी लावली. "किल्ल्या व तक्रारी: सकाळी दहा ते अकरा."

साडेअकराला पाचव्या मजल्यावरचे वकील आले.

"पाटी वाचली नाहीत?"

"वाचली ना. पण माझी तक्रार नाहीये, विनंती आहे."

संध्याकाळपर्यंत चौघे आले. त्यातले दोघे पाटीचा अर्थ विचारायला आले होते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज मी वाचलं. सगळं आवरून, फोन बंद करून, यांना खुर्चीत बसवलं. खुर्ची दिव्याखाली ठेवली. पुस्तक सावकाशबाईंचंच होतं, मधे खूण घातलेली. दोन भाऊ आणि एक घर, कोणी कुणाला विकायचं यावर वाद. लेखक एक गोष्ट सांगायला तीन वाक्यं घेतो. मी जिथे दोन अनावश्यक दिसली तिथे गाळली.

हे मधेच म्हणाले, "थांब. धाकटा भाऊ आत आला म्हणजे मागच्या दारानं आला का?"

"तसं लिहिलेलं नाही."

"मागे कुठेतरी असेल. अंगणातून की जिन्याखालून?"

"मागचं मी वाचलेलं नाही. पुढे चला."

पुढे चाललो. खूप वाचून झालं. मध्ये दोनदा बेल वाजली, मी उठले नाही, फक्त इथूनच "उद्या दहाला" म्हणून ओरडले. एक अख्खं प्रकरण आणि वर थोडं. वर पाहिलं तर हे झोपले होते. हात मांडीवर, तोंड जरा उघडं.

खाली झोपत असतील असं वाटत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

पुस्तक परत द्यायचं निमित्त काढून खाली गेले. निमित्त म्हणजे खोटं नव्हे, पुस्तक त्यांचंच आहे. मी आता वाचनालयातून दुसरं आणणार आहे.

दार उघडंच असतं त्यांचं. कुणीही डोकावावं. आत एक पलंग, पुस्तकांची फळी, आणि खिडकीपाशी एक खुर्ची, भिंतीकडे तिरकी वळवलेली. पाहुण्याला भिंतीकडे तोंड करून बसवायची ही काय पद्धत? उजेड एका कानावर येतो. मी ती सरळ करायला हात लावला.

"राहू द्या वहिनी, भाऊंची आहे ती," बाई म्हणाल्या. यांना त्या भाऊ म्हणतात आणि मला वहिनी. नातं लावलं की प्रश्न मिटला.

"पुस्तक परत द्यायला आले."

"अहो, संपलं कुठे? बसा ना."

"वेळ नाही."

"बरं." आणि त्या थांबल्या. समोरचा उभा राहिला तर त्या नुसत्या थांबतात, हा त्यांचा मोठाच दोष आहे. शेवटी मीच विचारलं, "तुमच्याकडे झोपतात का हो हे?"

"झोपतात? छे! पान उलटू देत नाहीत मला. त्या घराचा आराखडा काढतात ना मनात. माजघर कुठे, जिना कुठल्या हाताला. मी वाचत जाते आणि ते अडवतात, 'बाई, इथून तर स्वयंपाकघर दिसणार नाही, मागे जा.' मग मी मागे जाते आणि काय सांगू वहिनी, त्यांचं बरोबर असतं. परवा लेखकाचीच चूक सापडली. इतकं हसलो!"

मी पुस्तक पलंगावर ठेवलं आणि वर आले. तीन मजले जिन्याने. लिफ्ट होती, आठवली नाही.

लग्नाला अडतीस वर्षं झाली. हे गोष्ट अशी ऐकतात हे मला ठाऊक नव्हतं. आणि तिला ठाऊक आहे, जिला यांच्या चहाला साखर किती हे माहीत नाही. की माहीत आहे?

बुधवार, १२ फेब्रुवारी

विचारलं. माहीत आहे.

हे काल पुन्हा खाली गेले होते, माझं नवं पुस्तक टेबलावर तसंच. "त्या भावांचं काय झालं ते कळायला नको?" म्हणाले.

मी आज शांतपणे विचार केला. सावकाशबाईंना यांच्यासाठी वेळ आहे याचं कारण त्यांना वेळच वेळ आहे. बाईच्या दाराला बेलसुद्धा नाही. माझ्या वेळेतून जे गळतं ते त्यांच्याकडे जाऊन साठतं. तेव्हा माझा वेळ वाढवून अर्धंच काम होईल. त्यांचा कमी करायला हवा.

रविवारी इमारतीची वार्षिक सभा आहे. मी सचिवपद सोडणार. आणि नाव सुचवणार तळमजल्याचं.

हे चांगलं नाही हे मला कळतं. पण नियमात बसतं.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू पद सोडणार? तुला बरं वाटतंय ना?" मग मी कुणाला देणार ते सांगितल्यावर तिने विचारलं, "बाबा खाली जातात म्हणून का गं?"

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि हसली. आजकाल सगळ्यांना हसू फार येतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

सभा झाली. मी उभी राहिले, म्हणाले की अकरा वर्षं पुरे झाली, आता कुणा शांत स्वभावाच्या, घरीच असणाऱ्या, सगळ्यांशी जुळवून घेणाऱ्या व्यक्तीने हे काम घ्यावं. सावकाशबाईंकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य लगेच "अनुमोदन!" म्हणाले. इतक्या घाईनं त्यांनी कधी वर्गणीसुद्धा दिलेली नाही.

बाई माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "वहिनी शिकवणार असतील तर घेते."

टाळ्या. वकिलांनी माझ्या सेवेबद्दल चार शब्द सांगितले. चारच होते. तेवीस घरांतल्या एकाही माणसाने "अहो, राहा ना तुम्हीच" असं म्हटलं नाही. मी राहिले नसते. पण म्हणायला काय हरकत होती? मी पाण्यासाठी भर उन्हात गच्चीवर चढले आहे या लोकांच्या.

घरी आल्यावर हे म्हणाले, "चांगलं केलंस. तुला मोकळीक हवीच होती."

खरं काय ते यांना माहीत नाही. की माहीत आहे, हे मी विचारणार नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

शिकवायला सुरुवात. किल्लीचा फळा अजून माझ्याकडेच आहे, पण लोकांना सांगून टाकलंय की यापुढे खाली जा. पाटी काढली.

सावकाशबाई प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात. व्हॉल्व्ह मी तोंडी सांगितले: एक नंबर डावीकडच्या घरांचा, दोन उजवीकडचा, तीन दंतवैद्यांचा, चार मागच्या बाजूचा. "लिहून ठेवलंय कुठे?" असं विचारलं. मी म्हटलं, लिहायची गरज कधी पडली नाही, मी आहे. "आणि तुम्ही बाहेरगावी गेलात की?" मी बाहेरगावी गेलेच नाही कधी. हे सांगताना मला ते फार चांगलं वाटायला हवं होतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज बेल वाजली नाही. दुपारी एकदा दार उघडून पाहिलं, बिघडलीय का म्हणून. स्वतः दाबून पाहिली. वाजते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सगळं उलटं झालं आहे.

संध्याकाळी वाचायची तयारी केली. सावकाशबाई आता कामात असणार, तेव्हा हे घरीच असतील हा माझा हिशेब. हे घरी नव्हते. मी खाली गेले. दारातूनच हसणं ऐकू आलं.

जमिनीवर मोठ्या कॅलेंडरची पानं उलटी करून एकमेकांना चिकटवलेली. त्यावर हे गुडघे टेकून बसलेले, हातात जाड काळा मार्कर, आणि मान तिरकी, पक्षी दाणा बघतो तशी. कडेच्या नजरेने रेघ पकडत होते. आणि रेघ सरळ येत होती! गच्चीपासून खालपर्यंत सगळ्या इमारतीच्या नळांचा आराखडा. वकील वर गच्चीवर उभे, आणि बाईंच्या कानाला फोन.

"हं, आता तीन नंबर बंद करा. केलात? थांबा." मग दुसऱ्या फोनवर, "डॉक्टरसाहेब, तुमच्याकडे पाणी आहे? आहे? धार चांगली आहे? बरं." मग तिसऱ्या घरी. असं एकेक घर जोडत, सोडत, जोडत. मी त्यांना एवढ्या चपळाईने काही करताना पाहिलं नव्हतं.

"तीन नंबर दंतवैद्यांचा," मी दारातून म्हणाले.

हे मान न वळवता म्हणाले, "नाही गं. तीन नंबर आपला आहे."

"काहीतरीच काय!"

"घरी जाऊन नळ सोडून बघ."

वर गेले. नळ सोडला. कोरडा. अकरा वर्षं दंतवैद्यांच्या घरी गळती झाली की मी तीन नंबर बंद करत आले, आणि दर वेळी आमच्याच घरचं पाणी का जातं म्हणून पंपवाल्याला झापत आले. दंतवैद्य बिचारे गळक्या नळाखाली बादली ठेवून "धन्यवाद" म्हणत आले.

परत खाली गेले नाही. ते दोघं हसतच होते, त्यात मी आणखी एक कारण दिलं असतं. मी तिला काम दिलं वेळ संपवायला. तिने त्यातून यांच्यासाठी काम काढलं. दोन वर्षांत यांच्या हातात मी पेन्सिल दिली नव्हती. दिसत नाही त्याला पेन्सिल कशाला, असं वाटलं होतं. तिला नाही वाटलं तसं. मला तिचा इतका राग आला की कोरडा नळ तसाच उघडा ठेवून बसले, आणि पाणी आल्यावर मोरीभर झालं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

भांडण झालं. म्हणजे मी भांडले.

"मी तुमच्यासाठी वेळ काढला. पद सोडलं. आणि तुम्ही त्या वेळात घरात नाही."

"तू वेळ काढलास, मान्य," हे म्हणाले. "पण काढलेला वेळ तू माझ्यापुढे ठेवतेस आणि मी संपवेपर्यंत उभी राहतेस. पोराला दूध पाजावं तशी."

"मी उभी कुठे होते? बसून वाचत होते."

"आवाजानं उभी होतीस."

मग विचारलं, "तिच्याकडे काय आहे?" हा प्रश्न मी या वयात विचारेन असं वाटलं नव्हतं. लिहून ठेवते, कारण विचारला आहे.

"तिच्याकडे मी अडवलेलं चालतं," हे म्हणाले. आणि मग, "इकडे ये. खिडकीत काय चाललंय ते सांग."

"काय चालणार? रस्ता आहे. गाड्या आहेत. समोर दुकानं."

"कुठली?"

"औषधांचं, चपलांचं, शिवणयंत्रांचं."

"चपलांच्या दुकानाचं दार कुठल्या हाताला?"

मला सांगता येईना. रोज त्या दुकानावरून जाते. नीट पाहिलं. दार डाव्या हाताला, दोन पायऱ्या, वरची तुटकी. दारात एक जाडसा माणूस एका पायावर उभा, दुसऱ्या पायात नवा बूट, आणि तोल जाऊ नये म्हणून दुकानदारणीच्या खांद्यावर हात. ती बाई अजिबात हलत नव्हती, खांबासारखी. हे मी सांगितलं.

"मग? घेतला बूट?"

"थांबा हो, अजून दुसऱ्या पायात घालतोय."

"बायको आहे बरोबर?"

"आहे. मान हलवतेय. नको म्हणतेय."

"आणि तो?"

"तो आरशात बघतोय. लहान आरसा आहे, खाली ठेवलेला. फक्त पाय दिसत असणार." हे हसायला लागले. मीही थांबून राहिले, कारण त्याने तो बूट घेतला की नाही हे कळल्याशिवाय उठता येईना. घेतला नाही. निघाला, पायरीवर थांबला, परत आत गेला. मग घेतला. बायको रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली होती.

स्वयंपाकाला फार उशीर झाला. संध्याकाळ फुकट गेली. त्याची बायको उद्या त्याच्याशी बोलत असेल का, असं हे जेवताना विचारत होते. मला वाटतं नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सावकाशबाई वर आल्या. हे अंघोळीला गेले होते. बसल्या, आणि सरळ म्हणाल्या, "वहिनी, हे काम तुम्ही माझ्या गळ्यात का मारलंत ते मला सभेतच कळलं होतं."

मी खोटं बोलत नाही. "मग हो कशाला म्हणालात?"

"मला वेळ फार होता हो. किती ते तुम्हाला नाही कळायचं."

त्याच पुढे म्हणाल्या, "तीस वर्षं मी लोकांना लोकांशी जोडून दिलं. दोन्हीकडून हॅलो आलं की आपण बाजूला व्हायचं, ऐकायचं नाही, असा नियम. निवृत्त झाले तेव्हा लक्षात आलं, एकही गोष्ट मी शेवटपर्यंत ऐकलेली नाही. भाऊ आले आणि पहिल्यांदा कुणाबरोबर पुस्तक संपवावंसं वाटलं. तुम्ही नको म्हणत असाल तर नाही येणार ते. मी सांगेन त्यांना."

नको म्हणायचं होतं. जिभेवर होतं. मी उठून चहा केला, आणि त्यांच्या कपात साखर दोनदा पडली. त्यांनी तो पूर्ण प्यायला. घाई न करता.

"आठवड्यातून दोन दिवस," मी म्हणाले. "जास्त नाही."

"कुठले?"

"सोमवार. गुरुवार."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मीही थांबले. बघू म्हटलं, कोण आधी उठतं. हे अंघोळ करून बाहेर आले तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो.

शनिवार, १ मार्च

आज कामाचा ताबा दिला. वकील साक्षीला होते. हस्तांतराचा कागद मी स्वतः लिहिला आणि दोघींनी सह्या केल्या. दिलेल्या गोष्टी अशा:

सर्व घरांच्या जादा किल्ल्या, फळ्यासकट. गच्चीची आणि पंपाच्या खोलीची किल्ली. इमारतीचा शिक्का आणि शाईची डबी. लिफ्टच्या मेकॅनिकचा आणि पंपवाल्याचा फोन नंबर. पंपवाल्याची माफी मागायची राहिली आहे, ती मी स्वतः मागेन. सभांचे जुने कागद, गठ्ठे बांधून. नळांचा आराखडा आधीपासून त्यांच्याकडेच आहे. त्यावर तीन नंबरसमोर आमचं घर लिहिलेलं मी वाचलं आणि मान्य केलं.

इथपर्यंत कागदावर आहे. पुढचं फक्त या वहीत.

यजमान, दर सोमवारी आणि गुरुवारी, दिवे लागल्यापासून जेवणापर्यंत. जिन्यापर्यंत मी सोडेन. वर आणून पोचवणं त्यांच्याकडे.

बाकीच्या पाच संध्याकाळी दिलेल्या नाहीत.